आधी बोलणाऱ्याची थाप

पत्ते पालथे टाकले की आमच्या शेजारचे काका दोन्ही तळहात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "सोडला बगा डाव." हरल्यावर इतका हलका होणारा माणूस तुम्हीही क्वचितच पाहिला असेल.

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रविवारी दुपारी आम्ही पाच जण पोकर खेळायचो. पैशांऐवजी चिंचोके. काका चादरीच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर मोबाइलवर हा खेळ शिकले आणि आम्हालाही त्यांनीच शिकवला.

मला थापांची हौस. हातात काही नसताना चिंचोके पुढे सरकवायचो. समोरचा घाबरला नाही की आणखी सरकवायचो. एकदा सगळे चिंचोके गेले, तेव्हा ते म्हणाले, "सर, पाळीनं तुमाला आदी बोलायचं हुतं. त्यो मागनं बोलणार, तुमचं तोंड बगून. अशा जागंवरनं थाप एकदाच मारायची. हलला न्हाय, की पानं टाकायची."

"आणि त्याचीही थापच असली तर?"

"असंल की. ते बगायला सगळं घालवणार व्हय?"

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना एकट्याला आत बोलावून सांगितलं, आता उपाय नाही. बाहेर बाकावर बसलेल्या काकूंना हे म्हणाले, "अल्सर हाय. गोळ्यांनी जातोय." मला जिन्यात गाठून खरं सांगितलं. "तुमी पन अल्सरच म्हना, सर." मी म्हणत राहिलो.

काकू काही विचारायच्या नाहीत. नुसत्या यांच्या तोंडाकडे बघायच्या. त्या गप्प राहिल्या की हे आणखी काही रचायचे. सूज उतरली. वजन वाढंल. दिवाळीत अक्कलकोटला बहिणीकडं जाऊ.

एका रविवारी ते खाली आलेच नाहीत, म्हणून मी वर गेलो. दार उघडं होतं. काकू पलंगावर साड्या वेगळ्या करत बसल्या होत्या. "ही जावंला. ही बहिणीला."

"बरी झाल्यावर कर की," हे म्हणाले.

काकूंनी मान वर करून पाहिलं. बराच वेळ.

"अल्सर न्हाय," यांचा आवाज फुटला.

"ठावं हाय. तुमी कदी सांगताय, वाट बगत हुते."

मी तसाच मागे फिरलो.

पुढे त्या अकरा दिवस होत्या. बहीण आली, दोघी कानडीत बोलत बसायच्या. सकाळी गॅलरीत नवरा-बायको दिसायचे, खुर्चीला खुर्ची लावून.

तेराव्यानंतर मी म्हणालो, "सांगितलंत ते बरं झालं."

"अडीच महिनं ती एकटी झुरली, सर. मी शेजारी असून."

ते वैरागला मुलीकडे गेले. गेल्या महिन्यात मी भेटून आलो. स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी म्हणालो, "या की एकदा सोलापूरला."

"न्हाय येणार," ते दोन्ही तळहात पँटला पुसत म्हणाले.

एसटी सुटली. मी खिडकीतून हात काढला, तोवर ते पाठ फिरवून उन्हातून बाजाराच्या रस्त्याला लागले होते.