मामांनी मागे घेतलेला दोष

शनिवारी दुपारी गावाकडच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, दिगंबरमामा गेले," ते म्हणाले, आणि जरा थांबून विचारलं, "उद्याचा पिक्चर ठेवायचा का न्हाई?" मी बीडच्या ग्रंथालयात होते, हातात पुस्तकांची चळत होती. रडू यायच्या आधी मला हसूच आलं. मामांनाही सगळ्यात आधी हाच प्रश्न पडला असता... त्याला आता पाच आठवडे झाले. मी मुळातच सावकाश लिहिते, पण हा लेख रखडला तो दुःखामुळे नाही, लाजेमुळे. मामांनी माझ्यावर एक काम सोपवलं होतं आणि ते असेपर्यंत माझ्याकडून ते झालं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात ते सहकारी दूध संस्थेत दूध तपासायचे. कॅन ढवळून नमुना घ्यायचा, फॅट काढायची आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. दूध चेअरमनच्या घरचं असो की रानात शेळ्यांमागं फिरणाऱ्या म्हातारीच्या एकुलत्या म्हशीचं, आवाज तोच. एका दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि संस्थेची पत्र्याची शेड ओस पडली. तेव्हा मामांनी चेअरमनना गळ घातली, "दूध न्हाई तर न्हाई, माणसं तर येऊ द्या." भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आला आणि दर रविवारी दुपारी शेडमध्ये सिनेमा सुरू झाला. पुढं पाऊस झाला, दूध वाढलं, व्हिडिओ जाऊन पेनड्राइव्ह आला, पण रविवार मोडला नाही.

खरी मजा सिनेमा संपल्यावर. मामांचा नियम असा, की सिनेमा आवडला असेल तर आधी त्यातला दोष सांगायचा आणि आवडला नसेल तर आधी गुण. आणि जे पडद्यावर दिसलं तेवढंच बोलायचं. एकदा छावणीवरचा एक नवाकोरा सिनेमा दाखवला. सगळ्यांचे डोळे ओले झाले होते. मामा उठले आणि म्हणाले, "ह्या छावणीतल्या गाई लई गुटगुटीत हायेत बे! छावणीतल्या गाईच्या कमरेच्या हाडावर टोपी अडकवता यावी." शेड हसून लोळली. मग एक उंची हिंदी सिनेमा आला, परदेशातल्या बर्फाचा. तो कुणालाच आवडला नाही, तर मामांनी गुण काढला: म्हातारा बाप मुलाशी बोलताना चष्मा पुसत राहतो, कारण त्याला मुलाकडं बघायचं नसतं. "पुसून पुसून काच झिजवली की न्हाई त्यानं? ते खरं हाय." मी घरी येऊन ते वहीत लिहिलं. सिनेमा असाही बघता येतो, या आनंदानं मला त्या दिवशी जेवण सुचलं नाही.

पण मामांनी काढलेला सगळ्यात गाजलेला दोष एका जुन्या, नावाजलेल्या, कृष्णधवल सिनेमातला. दुष्काळी गाव. नायिका लांबच्या विहिरीवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन येते. संगीत नाही, मध्ये कुठं तोडलेलं नाही; विहिरीपासून झोपडीपर्यंत नुसती तिची चाल. जाणकारांनी या दृश्याची किती स्तुती केली आहे! मामा म्हणायचे, "चाल झकास. ऊन झकास. पण घागर रिकामी हाय. एक थेंब सांडत न्हाई, पोरी. भरल्या घागरीतलं पाणी हिंदळतं. ह्यांनी आपल्याला येड्यात काढलंय." मी तेव्हा नववीत होते. एवढ्या मोठ्या सिनेमाची लबाडी आमच्या गावातल्या माणसानं पकडली, या अभिमानावर मी वाढले. कॉलेजच्या अंकातला माझा पहिला लेख त्या रिकाम्या घागरीवरच होता. गेल्या वर्षी याच पुरवणीत जुन्या सिनेमांवर लिहितानाही मी तो दोष ठामपणे मांडला.

गेल्या उन्हाळ्यात त्या सिनेमाची साफसूफ केलेली प्रत मिळाली, ती घेऊन मी गावी गेले. मोतीबिंदू काढल्यावर मामांना तो स्वच्छ बघायचा होता. ऊसतोडीला गेलेली घरं परत आली होती, शेड गच्च भरली. एरवी सिनेमा संपताच बाया उठून जायच्या. चर्चा मागं उरलेल्या पुरुषांची. त्या दिवशी टँकर उशिरा येणार होता म्हणून बाया बसून राहिल्या. मामांनी सवयीनं दोष सांगितला. आणि मागून गयाबाई बोलली. दरवर्षी नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाणारी, तोंडानं फटकळ.

"मामा, एक इचारू? तुमी कधी डोक्यावर पाणी आणलंय का?"

"न्हाई बा."

"मग कावून बोलता? घागर भरलेलीच हाय. पाण्यावर लिंबाची डहाळी टाकली की पाणी हिंदळत न्हाई. आमी रोज टाकतो. तिनं बी टाकलीय."

"टाकली आसंल. पण पडद्यावर न्हाई ते पदरचं घालायचं न्हाई, गयाबाई."

"हाय की पडद्यावर! दारात वाकती तवा दिसती. तुमी समदे तिच्या तोंडाकडं बघत बसला, त्याला ती काय करील?"

बाया खदखदून हसल्या. मी रिमोट घेतला, सिनेमा मागं नेला. नायिका झोपडीच्या दारात वाकते, घागर क्षणभर आपल्याकडं कलते... मी चित्र थांबवलं. घागरीच्या तोंडाशी ओली पानं. चार-पाच असतील, पण पानंच. शेडमध्ये जो गलका उठला, तसा मी कुठल्याही सिनेमाला ऐकलेला नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं ज्या दृश्याला खोटं म्हणत होतो, ते आमच्या डोळ्यांपेक्षा खरं निघालं!

मामा उठून पडद्यापाशी गेले आणि त्यांनी पानांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कॅन ढवळल्याबगर मी कधी आकडा सांगितला न्हाई. हितं मातर तीस वर्सं न ढवळता सांगितला. ह्या बाया मागंच बसल्या होत्या आन् मी इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः घागर डोक्यावर घेतली. टँकरपासून घरापर्यंत, डहाळी टाकून, सत्तरी ओलांडलेला माणूस. गल्ली दारात उभी. "मामा, पदर घ्या की डोक्यावर!" कुणीतरी ओरडलं. घरी पोचेपर्यंत सदरा भिजून अंगाला चिकटला होता. ओट्यावर टेकून ते मला म्हणाले, "डहाळीनं निम्मंच काम होतं. निम्मं मानेचं. ती नटी लई मोठी बाई हाय, पोरी. आपुन चुकलो. पेपरात छाप. माझं नाव घालून छाप."

मी हो म्हणाले. पण त्या चुकीवर माझंही नाव होतं, छापील, दोनदा. दर आठवड्याला फोन यायचा, "आलं का छापून?" मी म्हणायचे, "लिहितेय मामा." "लई सावकाश लिहितीस तू," एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या रविवारांचा क्रम मात्र तेवढ्यात बदलला होता. पहिली पाळी बायांची. ऊसतोडीवरच्या एका ताज्या सिनेमात गयाबाईनं दोष काढला, की नायिकेच्या हातावर उसाच्या पाचटाचा एक ओरखडा नाही. आणि गुण काढला, की मोळी उचलायच्या आधी ती श्वास धरते. मामांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नव्या मास्तराच्या शाळेत घातलेल्या पोरासारखा होता.

तर, उशिरा का होईना, लिहिते: त्या सिनेमातल्या घागरीबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. ती घागर भरलेली होती. हा दोष दिगंबरमामांनी आणि मी मागे घेतला आहे.

मागच्या रविवारी दुपारी बीडच्या थिएटरात एकटीच गेले. सिनेमा नवा होता, मला फार आवडला. डोक्यात लेखाची वाक्यं जुळायला लागली होती. दिवे लागले. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी बाई चपला शोधत होत्या. मी कधी अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नाही. पण विचारलं, "तुम्हाला काही खटकलं का हो?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. "खरं सांगू का?" म्हणाल्या, आणि हातातली पिशवी परत खाली ठेवली.

लोक उठून चालले होते. मी पाय आत घेतले आणि त्यांच्याकडं वळून बसले.