मागे सरकवलेली सीट

भोईवाड्यात चाळीखाली उभी असलेली जुनी, लाल स्पोर्ट्स कार मी बघायला गेलो होतो. विकणारे काका साठीचे, पायात स्लिपर. हातातलं फडकं बॉनेटवरून सारखं फिरत होतं.

"ॲक्सिडेंट वगैरे झालाय का?" मी विचारलं.

"गाडीला नाही. पोरगा गेला तो मित्राच्या बाईकवर."

काकांना गाडी चालवता येत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी सीटच्या टोकाला बसून ते ती नुसती चालू करतात.

मी आत बसलो. पाय क्लचला पुरेना, म्हणून सीट पुढे घ्यायला हात खाली घातला. काकांनी मनगट धरलं.

"त्याच्या मापाची आहे ती. घेणार असाल तरच सरकवा."

गाडी मला आवडली होती. मी हात काढून घेतला.