सुमनमावशीनं दाखवलेला सिनेमा

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझ्याबद्दल त्याला ठाऊक नाही असं काही उरलेलंच नाही. मीही त्याला तसं वाटू दिलंय. पण एक गोष्ट आहे — ती त्याला सांगितली नाही, बाबांना सांगितली नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून.

ती म्हणजे सुमनमावशी. माझी सावत्र आई.

माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होते. दोन-तीन वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. सुमनमावशी बिडकीनकडच्या एका खेड्यातली. भावांची लग्नं, भावांची पोरं असं करता करता तिचं स्वतःचं राहून गेलेलं. सगळे म्हणाले, तिला आई म्हण. मी मावशी म्हणाले. तिनं कधी तक्रार केली नाही. उलट शेजारणींना स्वतःच सांगायची, "मावशीच बरं हाय. आई ती आई."

आम्ही तेव्हा शहराच्या कडेला, पडेगावला राहायचो. आता तिथं ओळीनं इमारती झाल्यात, नळही आलाय. तेव्हा नुसते प्लॉट पाडलेले होते, मधेमधे चार-सहा घरं, आणि बाकी सगळी तापलेली मोकळी जमीन. शहर आमच्यापर्यंत आलं होतं, पण त्याचं पाणी आलं नव्हतं. त्यात दुष्काळ. टँकर यायचा कधी, जायचा कधी, काही नेम नसायचा. मावशी दिवसभर कान टवकारून बसायची. प्यायचं पाणी ती उकळून, गाळून वेगळ्या पिंपात ठेवायची आणि रोज मला बजावायची, "टँकरचं तसंच पिऊ नको गं. लई घाण पाणी हाय ते."

त्या उन्हाळ्यात तिनं मला सिनेमाला नेलं.

तिची ती कल्पना होती, बाबांची नाही. पेपरात तिला एक जाहिरात दिसली. बर्फात उभी असलेली राजकन्या, मागं किल्ला. तिला वाटलं, परीची गोष्ट आहे, लेकराला आवडेल. ती त्याआधी कधी मॉलमध्ये गेली नव्हती. सरकत्या जिन्यापाशी ती थबकली, माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "पाय कुठं ठिवायचा गं?" समोर माझ्या शाळेतल्या दोन मुली उभ्या होत्या. मी मनगट सोडवून घेतलं आणि एकटीच वर गेले. वरून पाहिलं तर ती खालीच उभी, लोकांना वाट करून देत. शेवटी कुणा बाईनं तिला हाताला धरून वर आणलं.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे त्या मानानं काहीच नाही.

सिनेमा परीचा नव्हताच. गोष्ट तीच जुनी — राजकन्या, सावत्र राणी, विष — पण सगळी काळी करून टाकलेली. लांडगे, तलवारी, बर्फावर सांडणारं रक्त. हिंदीत डब केलेला होता, त्यामुळं शब्द न् शब्द कळत होता. गोष्टीत फळ असतं ना? इथं दूध होतं. राणी राजकन्येचे केस विंचरते, तिला कुशीत घेते, चांदीच्या पेल्यातून दूध पाजते — आणि पोरीच्या गळ्यावरच्या शिरा हळूहळू काळ्या पडत जातात. मग ती मरणाच्या दारातून परत येते, चिलखत चढवते आणि राणीचा किल्ला पेटवून देते. सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं. मीसुद्धा ओरडत होते.

मध्यंतर झालं. पॉपकॉर्नचा पुडा मावशीनं न खाता मांडीवर धरला होता. मग हळूच विचारलं, "ती सावत्र हाय व्हय गं?"

मी म्हणाले, "हो."

"हां," म्हणाली. एवढंच.

उत्तरार्धात लांडगे आले तेव्हा घाबरून तिनं अंधारात माझा हात धरला. मी या वेळी सोडवला नाही. मला बरं वाटत होतं — हेही सांगून टाकते. आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर आईचा भिंतीवरचा फोटो आठवला, आणि मला मावशीचा भयंकर राग आला. कुणी कुणावर असं रागावतं का? मी रागावले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. पाइप गळत होता. शेजारच्या पिंकीनं ओंजळ धरली, पाणी प्यायली. मीही प्यायले. मावशी दारातून ओरडत होती, "नको गं, नको पिऊ!" तिच्याकडं बघत बघत मी आणखी एक ओंजळ प्यायले.

झोपताना तिनं मला दूध दिलं. तोंड उतरलंय म्हणाली. मी ते सगळं प्यायले, आणि पहाटेपासून मला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत मी दवाखान्यात, हाताला सलाईन. पिंकीलाही तेच झालं होतं, ती दुसऱ्या दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळं झालंय, सध्या असे बरेच पेशंट येतायत.

संध्याकाळी लासूरहून मामा-मामी आले. मामी माझ्या आईची जिवाभावाची. नणंद-भावजय कमी, मैत्रिणी जास्त. बाबांचं दुसरं लग्न तिला पहिल्यापासून नको होतं. ती माझ्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खरं सांग बाळा. तिनं काय दिलं होतं तुला?"

आता मी इथं थांबते जरा. कारण इथंच सगळं आहे. मी तापात होते का? नव्हते. घाबरले होते का? नाही. मला ओंजळ आठवत होती, गळका पाइप आठवत होता, दारातून आलेली हाक आठवत होती. आणि तो सिनेमाही आठवत होता.

मी म्हणाले, "दूध. कडू लागत होतं."

दूध गोड होतं. नेहमीपेक्षा जास्तच साखर होती त्यात.

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. सावत्र आईची गोष्ट सगळ्यांनाच पाठ होती. मामा बाहेर जाऊन बाबांवर चढला. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, पिंकीचं उदाहरण दिलं, पण मामाचं एकच — डॉक्टरला घरातलं काय कळतंय? मावशी दारात आली तर मामीनं तिला आत येऊ दिलं नाही. तिनं उंबऱ्याबाहेरूनच माझ्याकडं पाहिलं. "पोरी," म्हणाली, "साखर न् हळद व्हती गं त्यात. दुसरं काय घालीन मी?"

मी डोळे मिटून घेतले. झोप लागल्यासारखे.

मला लासूरला नेलं आणि मावशीला तिच्या भावाकडं पाठवलं. चार दिवस, सगळं शांत होईपर्यंत, असं बाबा म्हणाले. बाबांनी विश्वास ठेवला होता का? मला वाटतं, अर्धा. पण भांडण मिटवायला अर्धा पुरतो. चार दिवसांचा उन्हाळा झाला आणि पुढं पावसाळाही. भावाच्या घरी खाणारी तोंडं आधीच जास्त होती, म्हणून तिला गुरांबरोबर चारा छावणीवर ठेवलं. उन्हात, ताडपत्रीखाली, शेणामुतात. कशामुळं परत पाठवली, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. 'पोरीला विष घालणारी' असं म्हणायचे म्हणे. हे मला पुष्कळ नंतर कळलं, तिच्याकडून नाही.

मी लासूरला आंबे खात होते. मामी मला घास भरवायची.

शाळा उघडल्यावर मी पडेगावला परत आले; पाऊस पडून गेल्यावर बाबा तिलाही घेऊन आले. ती काळवंडली होती, हाडं दिसत होती. पहिल्या संध्याकाळी तिनं चहा केला. एकाच पातेल्यातून दोन कप भरले. माझ्यासमोर बसून आधी स्वतःचा कप प्यायली, पूर्ण, आणि मग दुसरा माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. आमटी, खीर, ताक, दूध, सगळं आधी ती माझ्यासमोर खायची-प्यायची, मग मला द्यायची. माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी तेच. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. दिवा लावावा तसं, रोजचं काम म्हणून.

'मावशी, नको करूस असं' — एवढं म्हणायला काय लागत होतं? मी कप उचलायचे आणि प्यायचे.

आणि तेव्हा मी लहान होते, हेही पूर्ण खरं नाही. मला आणखी एक संधी मिळाली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला. एका दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "बेटा, एक विचारू? त्या दिवशी ते दूध — खरंच कडू लागलं होतं का?"

आत मावशी पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

मी म्हणाले, "आठवत नाही बाबा. लहान होते मी."

बाबांनी मान हलवली. थोड्या वेळानं लाटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. माझ्या लग्नानंतर काही महिन्यांनी बाबा गेले. अर्ध्या विश्वासासकट गेले.

गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. मावशीनं एकटीनं सगळा स्वयंपाक केला. हात कापतात आता तिचे. मामा-मामी आले, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्या घरात जेवायच्या वेळी आले. पंगत बसली तेव्हा मामीनं पिशवीतून स्वतःचा डबा काढला. "माझं पथ्य असतं बाई," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मग माझ्याकडं वळून झाकण उघडलं, "तू पण यातलंच घे गं."

माझं ताट समोर वाढलेलं होतं. मावशी वरण वाढत वाढत माझ्यापर्यंत आली होती, पळी हातात. पलीकडं माझा नवरा, चुलते, शेजारचे लोक. सगळे पाहत होते, किंवा मला तसं वाटलं. मामीनं पोळीचा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला.

मी तो घेतला आणि खाल्ला.

मावशीनं पळी भांड्यात ठेवली, भांडं खाली टेकवलं. मग वाकली, माझं वाढलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं, वाटीतलं काही सांडू नये म्हणून जपून धरलं, आणि आत घेऊन गेली.

मी मामीच्या डब्यातलं जेवत राहिले.