तपासणीपुरती गोळी

दत्ता पडला हे त्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुकताच चहाला बसलो होतो. कोरेगावहून साताऱ्याला आणतोय, तुम्ही दवाखान्यात या, एवढंच. सकाळचं पळून आला, बूट सोडायला वाकला आणि तिथंच कलंडला म्हणे... बीपीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. कसा शिवेल? त्या बाबतीत दत्ता माझा गुरू होता.

आम्ही एका बाकावरचे. तो फौजेत गेला, हवालदार होऊन परतला; मी मास्तरकी केली. माझं बीपी निघालं आणि मी गोळ्या सोडून कुणाच्या तरी काढ्याच्या नादी लागलो, तेव्हा यानेच घरी येऊन माझी हजेरी घेतली. "मास्तर, ह्ये दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन् एक दिस डोक्यातली शीर फोडतंय. लय बघितल्यात म्या." माझी तंबाखू त्याने सोडवली, ताटातलं वरचं मीठ बंद केलं. रोज सकाळी फोन. "घेतली का रं गोळी?" घेतली, तू? "व्हय की!" इतक्या खणखणीत आवाजात, की शंका घेणंच पाप वाटावं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं आणि एकेक विचारू लागले. तंबाखू? दारू? आधी डोक्याला मार? रक्त पातळ व्हायची गोळी? सगळ्याला नाहीच होतं. बीपीची गोळी? मी छातीठोकपणे म्हणालो, "रोज घेतो. मी साक्षीला आहे." शेजारी कमलवहिनी उभ्या होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "रोज न्हाई, भावजी. तपासणीच्या आदी आठ-धा दिस तेवढी घ्यायचे."

मला आधी कळेचना. मग वहिनींनीच उलगडून सांगितलं. फौजेत बीपी निघालं की माणूस खालच्या श्रेणीत जातो, बढती अडते. म्हणून वैद्यकीय तपासणी जवळ आली की गुपचूप गोळ्या, अळणी जेवण, भरपूर झोप. आकडा बरोबर, पठ्ठ्या पास! निवृत्त झाल्यावरही दवाखान्यातल्या तपासणीपुरतं हेच चाललं होतं. अरे, पण आता तुला कोण नापास करणार होतं? कुणाची बढती अडणार होती? दोन दिवसांनी तो गेला. मला रडू आलं नाही, संताप आला. मला जगवायला रोज फोन करणारा माणूस त्याच फोनवर रोज माझ्याशी खोटं बोलत होता, आणि वहिनींना ते ठाऊक होतं. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. लिहितो.

तेराव्यानंतर वहिनींना चक्कर आली. बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. परवा कोरेगावला गेलो होतो. दत्ताची खुर्ची ओसरीवरच होती, बसलो नाही. विचारलं, "वहिनी, गोळी घेतली?"

"व्हय की!"

तोच आवाज... इतक्या वर्षांच्या संसारात उचलला असणार. मी आत जाऊन तांब्या भरून आणला.

"घेतली असेल तर पाकीट दाखवा. नसेल तर माझ्यासमोर घ्या."

वहिनींचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, फळीवरून पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकून पाणी प्यायल्या. "आता रोज येनार व्हय आसं बघाया?"

"रोज येईन. या घरातल्या शब्दावर माझा भरवसा नाही."

त्यांनी रागारागाने तोंड उघडलं, जीभ उचलून दाखवली. आणि मी, त्यांचा थोरला दीर शोभावा अशा वयाच्या माणसाने, लाज न बाळगता वाकून पाहिलं.