किलोत न बसलेलं तेल

औरंगाबादच्या ज्या वसतिगृहात राहून मी पदवी घेतली, तिथल्या अधीक्षकांचे माझ्यावर उपकार आहेत. गंगापूरकडच्या खेड्यातून आलेल्या मुलाला त्यांनी खोली दिली, फी माफ करवली, इंग्रजी घोटून घेतलं. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर झाला तो त्यांच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणेल.

हे अधीक्षक, म्हणजे आमचे सर, राज्यशास्त्र शिकवत. शेर-छटाक जाऊन नुकतेच किलो-लिटर आले होते आणि त्यांचा सरांना फार अभिमान होता. एक लिटर म्हणजे एक किलो, असं ते आम्हाला पंगतीत ऐकवत. पुस्तकात ते पाण्याबद्दल होतं. सरांनी पाठ करताना पाणी तेवढं गाळलं होतं.

एकदा त्यांनी स्वयंपाकघरात तराजू आणवला. सकाळीच पंधरा लिटर करडईचं तेल आलं होतं. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून तेल पंधरा किलोला सव्वा किलोहून थोडं अधिकच कमी भरलं. स्वयंपाक करणाऱ्या मावशी तिथंच पीठ मळत होत्या. सरांनी त्यांना पंधरवड्याची मुदत दिली आणि तोवर दुसरं काम बघायला सांगितलं. मावशी स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायच्या. काम गेलं की खोलीही जाणार होती.

मावशी म्हणाल्या की डब्याचं झाकण अजून उघडलंच नव्हतं, ते सरांनीच उघडलं. सर न्यायी होते. त्यांनी हा मुद्दा मान्य केला आणि दुकानदारालाही चोर ठरवलं.

मला बरोबर घेऊन ते गुलमंडीच्या बाजारात गेले. दुकानदाराने शांतपणे माप पुढे केलं. "साब, माप सरकारी है, मुहर देख लो." मोहर खरी होती. सरांनी त्याच मापाने लिटरभर तेल घेऊन तोललं, तर ते नऊशे ग्रॅमच्या जरा वर भरलं. शेजारच्या दुकानात तेच, पलीकडच्यातही तेच. दर दुकानागणिक सरांचा चेहरा उजळत गेला. एवढी मोठी टोळी एकट्याने पकडल्याचा आनंद काही वेगळाच असतो. घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या कपाटातलं तेलही तोललं आणि त्यांच्या वाण्याचाही टोळीत समावेश झाला.

मी विज्ञान शाखेचा. तेल पाण्याहून हलकं असतं म्हणून ते पाण्यावर तरंगतं, असं मी भीत भीत सांगितलं.

"तरंगतं ते तेलकटपणामुळे," सर म्हणाले. "प्रयोग करून दाखव."

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी दुकानदाराकडून मागून आणलेल्या त्याच मापाने लिटरभर पाणी तोललं. बरोबर किलो भरलं. मग तेल तोललं. पुन्हा कमी. मावशी हातातली परात ठेवून बघत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

सरांनी माझी पाठ थोपटली. "बघ. पाणी सरकारी नळाचं, म्हणून पुरं भरलं. तेल व्यापाऱ्याचं."

माझ्याजवळचं विज्ञान पदवीपुरतंच होतं; मी तेल डब्यात परत ओतलं.

पण या प्रयोगाने सर अडचणीत आले. सबंध गुलमंडी चोर निघाल्यावर एकट्या मावशीला काढायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी बराच विचार केला आणि मोठ्या मनाने निर्णय दिला. "बाई, तुमची चोरी माफ. काम चालू ठेवा."

"पन साहेब, म्या चोरी केली कुठं?"

"तीच तर तुमची हुशारी," असं म्हणून सर तराजू घेऊन निघून गेले.

मावशींनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"ऐकलंस का रं," त्या मला म्हणाल्या, "चोरी माफ झाली. आता करायची तेवढी राहिली."