जमादारणीचा डूख

शाहूपुरीची पेठ तेव्हा नवी होती आणि राज्य शाहू महाराजांचं होतं. स्टेशनाकडून पेठेत शिरलं की डाव्या हाताला ईरप्पाअण्णांची धान्याची वखार लागे. त्या वखारीत तीन माणसांवाचून पान हलत नसे: मालक अण्णा, हमालांचा म्होरक्या आकाराम आणि फाटकी पोती शिवणारी मदिनाबी. चौथी जमादारीण. पण तिला माणसांत धरायचं की नाही यावर वाद होता, कारण ती साडेचार हात लांबीची धामण होती.

गारगोटीकडच्या नाचणीच्या गाडीतून ती आली. मदिनाबीनं रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा सोडला आणि आतून वीतभर पिल्लू बाहेर पडलं. एरवी दोन मणांचं पोतं पाठीवर घेऊन धावणारे हमाल ते पिल्लू बघून दारात एकमेकांवर आदळले. आकारामनं काठी उचलली. मदिनाबी मधे आडवी झाली.

"काठी खाली ठेव. काय खातंय रं हे?"

"उंदरं खाती धामण. दुसरं काय खानार?"

"मग ही माझी," मदिनाबी म्हणाली.

उंदीर म्हटलं की या बाईचं रक्त तापायचं, आणि त्याला कारण होतं. पहिल्या प्लेगात तिचा नवरा महंमद गेला. महंमद याच पेठेत गाडी हाकायचा. मोठ्यानं हसणारा, शिट्टी वाजवत घरी येणारा गडी. पाच वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. आणि शेवटच्या सकाळी तिनं भाकरीचा काला पुढं केला तर त्यानं डाव्या हातानं ताटली उडवून दिली. "परे हट! सामने नको आ मेरे!" असा ओरडला की शेजारी बाहेर आले. रागानं ती आईकडे निघून गेली. दुपारी त्याला गावाबाहेरच्या झोपड्यांत हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी माती. आपलं काय चुकलं हे तिला कधी कळलं नाही. माणूस मनात डूख धरूनच गेला, एवढंच तिच्यापाशी उरलं. त्याला पुरलं त्या माळाकडे ती त्यानंतर एकदाही फिरकली नव्हती.

तर या बाईनं धामण पाळली. पाळली म्हणजे काय, कोपऱ्यातला फुटका रांजण आडवा करून दिला, पाण्याचा कुंडा ठेवला आणि उंदीर तिचे तिनं शोधावेत असं ठरलं. रोज सकाळी मदिनाबी धान्य मापायच्या अधोलीवर दाभणानं तीनदा ठोकायची. ठक, ठक, ठक. थोड्या वेळानं जमादारीण थप्प्यांमधून सरसरत यायची, मदिनाबीच्या पसरलेल्या पायांवरून पलीकडे जायची, कधी तळहाताला जीभ लावून बघायची आणि पहाऱ्याला निघायची. तिचं ते ऐटीत फिरणं बघूनच आकारामनं तिला जमादारीण म्हणायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांत पिल्लाची पुरती धामण झाली आणि वखारीतला उंदरांचा उच्छाद मोडला. मलकापूरचे गाडीवाले भात उतरवायला आले की आधी विचारत, "जमादारीण कुठं हाय?" आणि ती रांजणात आहे म्हटल्यावरच दोर सोडत. काय दिवस होते ते! पोत्यांचा उबट वास, अण्णांचं कानडी-मराठी ओरडणं, आणि उन्हाच्या पट्ट्यात निवांत पडलेली ती पिवळट तपकिरी धामण.

मग एका आषाढात प्लेग पुन्हा गावात आल्याची बातमी उठली. अण्णा घाबरले. त्यांनी बाजारातून डझनभर तारेचे सापळे आणले. एक धामण किती पुरी पडणार, असा त्यांचा हिशेब. सापळे लावायचं आणि सकाळी उंदीर बाहेर नेऊन जाळायचं काम मदिनाबीनं मागून घेतलं. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. एकेक उंदीर टाकताना तिच्या तोंडातून अशा शिव्या निघत की आकारामसुद्धा कानावर हात ठेवी.

पंधरा दिवसांत जमादारीण बिघडली.

आधी ती मदिनाबीला बघून गळा फुगवू लागली. मग घुरघुरू लागली. आणि एका सकाळी अधोलीवर ठोकून मदिनाबीनं हात पुढं केला, तर तिनं झडप घालून मनगटच धरलं. सुटेना. आकारामनं कुंड्यातलं पाणी ओतलं तेव्हा सोडलं. धामणीला विष नसतं, पण दात असतात. मनगटावर रक्ताचे ठिपके उठले. मदिनाबी त्यात हळद दाबत बसली आणि रडली. हात दुखत होता म्हणून नव्हे.

"चाची, तिनं डूख धरलाय तुमच्यावर," आकाराम म्हणाला. "आमच्या अंगावर येत न्हाय ती. तुमच्याच येती."

हे खरं होतं, आणि तेच तिला लागलं. कात टाकायच्या आधी जमादारणीच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा यायचा, आठ दिवस तिला नीट दिसायचं नाही, त्या दिवसांत ती चिडकी व्हायची. मदिनाबीला ते ठाऊक होतं आणि तेव्हा ती रांजणाकडे जायचीसुद्धा नाही. पण आत्ता डोळे काचेसारखे स्वच्छ होते. मग काय बिनसलं? अंग तेवढं वाळलेलं दिसत होतं. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोनदा ती अंगावर आली. आज चाचीच्या, उद्या आपल्या, म्हणून हमालांनी आत यायला नकार दिला. दारात गाड्या तटल्या.

अण्णांनी तिला बोलावलं. "मदिनाबी, मी बी जीव लावलाय तिला. पर गाड्या उभ्या हाईत. परवा पंचमी. सणाला जनावराला धक्का नको. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी गारुडी येईल, घेऊन जाईल."

गारुडी काय करतो हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. दात उपटायचे, टोपलीत उपाशी ठेवायचं आणि दारोदार खेळवायचं. "अण्णा, त्यापरीस मारा तिला," मदिनाबी म्हणाली आणि उठून गेली.

अण्णांची बायको हिराबाई हिचं मत वेगळंच होतं. श्रावणातली पंचमी म्हणजे तिचा जिवाभावाचा सण. तंबिटाचे लाडू वळायचे, झोके बांधायचे, आणि त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही. "गेल्या वर्षी पंचमीला तू दाभण चालवलंस," तिनं मदिनाबीला सुनावलं. "तेच्यानंच कोपलीया. अवंदा दाभण न्हाई. त्ये लोखंडाचं सापळं बी आज सांजच्यापासनं बंद. समजलं न्हवं?"

"व्हय आक्का," मदिनाबी म्हणाली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

पंचमीला हिराबाई दूध, लाह्या आणि लाडवांचं ताट घेऊन वखारीत आली. दारात मदिनाबीला बघून ती थांबली. "पंधरा दिस उंदरं उचललीस त्या हातानं. असं हात देवाला चालत्यात व्हय? ये हिकडं." आणि तिनं स्वतः मदिनाबीचे हात चण्याचं पीठ लावून कोपरापर्यंत चोळले, वर तांब्याभर पाणी ओतलं. दातांच्या खुणांवरून मात्र हलक्या बोटानं.

मदिनाबी आत जाऊन बसली. दाभणाला बंदी, म्हणून बोटाच्या पेरानं अधोलीवर ठोकलं. आज चावली तर संपलंच.

जमादारीण आली. थांबली. जीभ हलवत तळहातापाशी तोंड आणलं, हुंगलं, आणि पूर्वीसारखी पायांवरून सरसरत पलीकडे गेली. दुधाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"डूख सोडला! सोडला बघ!" हिराबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या.

मदिनाबी मात्र आपल्या हातांकडे बघत राहिली. काठीनं तिनं कोपऱ्यातलं फडकं उचललं, ज्या फडक्यानं ती रोज सापळे पुसायची ते, आणि लांबून जमादारणीपुढं धरलं. धामण विजेच्या वेगानं आली आणि फडक्याला विळखा घालून बसली.

"आक्का," मदिनाबी हळूच म्हणाली, "तिला राग न्हवता वं. उपाशी हुती ती. माझ्या हाताला उंदराचा वास येत हुता."

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोकं खाजवलं. "म्हंजी सगळं उंदीर सापळ्यात आमीच धरलं, आनि तिच्या म्होरं नुसता वास नाचवला व्हय?" मग ते स्वतःवरच खो खो हसले. सापळे त्याच आठवड्यात शेजारच्या वखारीला देऊन टाकले. गारुड्याला निरोप गेला, येऊ नको. हे आपल्या व्रतामुळंच झालं हा दावा मात्र हिराबाईनं शेवटपर्यंत सोडला नाही, आणि खरं बघता तो मान तिला द्यायलाच हवा: सापळे तिनंच थांबवले, हातही तिनंच धुतले.

त्या दिवशी शिवणकाम नव्हतं. मदिनाबी थप्पीला टेकून बसून राहिली. राग नसतानाही अंगावर येतं कुणी. हे एकदा मनात आलं आणि मग दहा वर्षांपूर्वीची सकाळ तिच्यापुढं टाका टाका उसवत गेली. ताटली महंमदनं डाव्या हातानं उडवली होती. जन्माचा उजव्या हाताचा माणूस. उजवा हात त्यानं अंगाशी घट्ट दाबून धरला होता, काखेत काही लपवावं तसा. ते तिनं पाहिलं होतं. प्लेगची गाठ काखेत येते हेही पुढं शंभरदा ऐकलं होतं. पण दोन्ही गोष्टी तिनं कधी जोडल्या नव्हत्या. गाठ त्याला सकाळीच हाताला लागली असणार. सांगितलं असतं तर ती हटली नसती, उलट मांडीवर डोकं घेऊन बसली असती. म्हणून ओरडला. आणि ती आईकडे गेली, म्हणून जगली.

तिन्हीसांजेच्या आधी ती गावाबाहेरच्या माळावर पोचली. कबरी कुठल्या कुणाच्या, ओळखू येत नव्हत्या. गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. अंदाजानं एका जागी ती बसली. हिराबाईनं दिलेला तंबिटाचा लाडू पदराच्या गाठीत होता. महंमदला गोड फार आवडायचं.

"इत्ते दिनां लगे जी समझने कू," ती म्हणाली आणि लाडू गवतात ठेवला.

जमादारीण त्यानंतर आणखी सहा वर्षं वखारीत होती. त्या सहा वर्षांत आणि नंतरही, मदिनाबी दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारीच काम थांबवायची, चण्याच्या पिठानं हात स्वच्छ धुवायची आणि माळाकडे चालत जायची.