वरचं साल

केकचं दुकान थाटलं की फोनशेजारची वही ऑर्डरींनी भरते म्हणतात. माझी जुन्नरची वही किस्स्यांनी भरली! एक सांगायला घेतला की चार आठवतात, आणि डोकं पुन्हा तापतं.

पुण्याला क्लास करून मी फाँडंट शिकले. म्हणजे साखरेची कणीक. तासभर मळायची, पोळीसारखी लाटायची आणि केकवर अलगद पांघरायची. हात मोडून येतात! आणि गिऱ्हाईक काय करतं? सोलतं! एका आजींनी तर माझ्यासमोर सोललं. "वरचं साल काढलं बाई, आता लई ग्वाड लागतंय!"

आमचे हे म्हणायचे, "नुसतं क्रीम लाव की. हे तुझं कुणी एकानं जरी चाटूनपुसून खाल्लं ना, मी जन्मभर गप्प बसेन." मग मीही पेटले. एकानं तरी खावंच!

राजुरीला एका मुलीचा पहिला वाढदिवस होता. केकवर मी फाँडंटची बाहुली बसवली. पाच सुवासिनी ओवाळायला उभ्या, आणि प्रत्येकीचं निरांजन नेमकं बाहुलीच्या तोंडासमोर! नाक वितळून ओठांवर आलं. मुलीची आत्या मला विचारते, "ताई, हिला सर्दी झालीय का वो?"

बाजारपेठेतले एक जैन शेठ. त्यांचा पहिलाच प्रश्न, "जिलेटिन हाडांचं असतं ना?" चार दिवस खपून मी चायना ग्रासचं फाँडंट जमवलं. पाहुणे आले दिवस मावळल्यावर. जैनांकडे रात्री कोण खाणार? केक फ्रीजमध्ये गेला. सकाळी शेठांचा फोन, "ताई, केकला घाम फुटलाय!" फुटणारच! मलाही फुटला.

घोडेगावच्या एका गुरुजींना निरोपसमारंभात फाँडंटचा फेटा दिला होता. त्यांनी तो शोकेसमध्ये ठेवला. दोन वर्षांनी भेटले तर कौतुकानं म्हणतात, "अजून मुंगीसुद्धा लागली नाही हो!" कप्पाळ माझं!

मग आले बैलगाड्यावाले दादा. त्यांचा बैल सर्जा शर्यतीच्या घाटात पहिला आला होता. "हुबेहूब सर्जा पायजे. कपाळावरचा चांद इसरू नका." तेव्हा मोबाईलवर फोटो येत नव्हते, म्हणून गोठ्यात जाऊन बैल बघून आले. दोन दिवस राबले. केक पोचवायला हेही आले होते.

झाकण काढलं. सगळा वाडा शिट्ट्या मारायला लागला! मी सुरी पुढे केली तर दादा उखडले.

"सर्जाच्या मानेवर सुरी? मी नाय चालवायचो!"

भाऊ मागं सरला, पोरं मागं सरली. म्हातारीनं तर डोळ्यांना पदर लावला. झालं! हाही केक शोकेसमध्येच जाणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"ज्याचा हाय त्यालाच द्या!" दादा म्हणाले आणि सर्जालाच सोडून आणलं.

त्यानं हुंगलं. मग ती खरखरीत जीभ फिरायला लागली. शिंगं, वशिंड, पाठ, शेपूट, सगळं साफ! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आभाळाकडे बघत होते.

दादांनी उरलेला केक माझ्यापुढं धरला.

"ताई, फुडच्या टायमाला नुसतं वरचंच करा. आतलं त्यानं तोंडात बी घेतलं न्हाई."